अतलसनं गिळलेलं अंडं

आमच्या गल्लीत कुणाकडे तान्हं मूल झोपलं असेल तर लोक शेजारी खुशाल डफ वाजवतात. पोराला सवय झाली पाहिजे, म्हणतात. पण रायहोनच्या दारावर लाल फडकं दिसलं, की गाढवसुद्धा ओरडता ओरडता अर्ध्यावर थांबतं आणि उरलेलं संध्याकाळी ओरडतं. त्या फडक्याचा अर्थ एकच. अतलस जेवली आहे.

अतलस म्हणजे रायहोनची धामण. अंगावर अशी नक्षी, की इस्फराच्या बाजारात अतलस नावाच्या रेशमी कापडाचा तागा उलगडून ठेवलाय असं वाटावं, म्हणून हे नाव. आली कुठून? भिंतीच्या फटीतून. घरात साप आला तर आमच्याकडे त्याला मारत नाहीत, चिमूटभर पीठ त्याच्यावर भुरभुरवतात आणि 'बाबा, आल्या वाटेनं नीट जा' म्हणून सांगतात. रायहोननं पीठ टाकलं, सांगितलं. अतलसनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तंदूरमागे जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ, पुन्हा तेच. शेवटी रायहोन वैतागून म्हणाली, "एवढं पीठ हिच्यावर घालवलं, त्यात चार नान झाले असते. राहू दे हिला."

रायहोन नान भाजून विकते. सगळी गल्ली तिला खोला म्हणते, म्हणजे सगळ्यांची मावशी. मी तिच्याहून थोरला, म्हणून मला ती रायहोन आणि तिला मी अश्रफ अका, म्हणजे थोरला भाऊ. नवरा गेल्यापासून घरात एकटीच. पिठाची पोती आहेत म्हणजे उंदीर आलेच, आणि अतलस आल्यापासून त्या घरात उंदीर औषधालाही मिळेना. पण रायहोनचा जीव तिच्यात अडकला तो उंदरांसाठी नव्हे. माझ्या चहाखान्यात नान द्यायला ती रोज येते, पंधरा वर्षांत तिनं मला कधी 'कसे आहात' विचारलं नाही. विचारते ते, "जेवलात का?" असं विचारायला घरात कुणीतरी लागतं की नाही? धामण तर धामण.

आता अतलसच्या जेवणाचं सांगतो. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे यात तिखटमीठ फार नाही. उंदीर ती नेहमी डोक्याकडून गिळायची, शेपटी शेवटी आत जायची, शेवयाची शेवटची तार ओढून घ्यावी तशी. अंडं असेल तर आख्खं आत, मग मान वाकवून असा जोर लावायची की आत टक् आवाज व्हायचा आणि फुगवटा बसायचा. तो आवाज ऐकला की रायहोन म्हणायची, "गोड लागो बाई." कात टाकायची वेळ आली की डोळे दुधाळ व्हायचे आणि स्वारी सासरहून परत आलेल्या लेकीसारखी रुसायची, ताटाकडे बघायचीसुद्धा नाही. जेवण झालं की दोन मोठ्या जांभया. त्या झोपेच्या नव्हेत हं, सुटलेला जबडा जागेवर बसवायच्या. मी माझी कवळी बसवतो तेव्हा हुबेहूब तस्साच दिसतो, असं रायहोन म्हणते. मग तंदूरच्या ऊबदार विटांना पोट लावून जी पडायची, ती पडायचीच. त्या वेळी कुणी हात लावला, हलवलं, आरडाओरडा केला, की खाल्लेलं सगळं जसंच्या तसं बाहेर.

एकदा तिच्या जेवणानंतर माझा साडू तिथे जोरात शिंकला. गिळलेला उंदीर बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं, मिशा पुसल्या आणि पळाला. पुढे त्यानं लग्नही केलं म्हणतात. लग्नाला मी नव्हतो, म्हणून शपथ घेत नाही.

तेव्हापासून ते लाल फडकं. ते दिसलं की गल्लीत सगळं दबक्या आवाजात. नवराबायको कुजबुजत भांडायचे. लोहार घणाखाली जुनी गोधडी घालायचा. माझ्या चहाच्या सामोवरालासुद्धा कळायचं, तो फुसफुसायचा नाही, नुसता उसासे टाकायचा.

या सगळ्याचा राग होता एकाच माणसाला. तुरसुनमुराद, रायहोनच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. पन्नाशीचा, पोटानं गरगरीत, आणि नंबर एकचा कबूतरबाज. कबुतरांना हाका मारायच्या तर शिट्ट्या हव्यात, आणि लाल फडकं असलं की शिट्टी बंद. त्यात त्या वर्षी त्याच्या खुराड्यातली अंडी गायब व्हायला लागली.

नवरोज, आमचा वसंतातला वर्षारंभ, तोंडावर आला होता. जर्दाळूला पहिल्या कळ्या धरल्या होत्या. तुरसुनमुराद माझ्या चहाखान्यात आला आणि बसायच्या आधीच सुरू झाला.

"अश्रफ अका, आज परत दोन अंडी गेली! नुसती काडी उरलीय घरट्यात. त्या सापिणीला मी आता सोडत नाही."

मी म्हटलं, "आधी बस. चहा पी. रागात चहा पोटात जात नाही."

"चहा घाला चुलीत!"

"चहा चुलीवरच आहे," मी म्हटलं. "तू बस."

तेवढ्यात रायहोन नानांची टोपली घेऊन दारात. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काय रे तुरसुनमुराद, कबुतरांची अंडी मोजण्यापलीकडे काही काम उरलं नाही का तुला?"

"खोला, तुमच्या अतलसनं खाल्ली माझी अंडी."

"ती तळघरात झोपलीय. थंडी पडल्यापासून तिच्या तोंडात पाण्याखेरीज काही गेलेलं नाही. हिवाळ्यात ती जेवत नाही, हे तुलाही माहीत आहे."

"झोपलीय? तंदूरवाल्या घरात साप झोपतो होय? ऊब लागली की भूक लागते, माझं पोट मला सांगतं!"

"तुझं पोट सांगतं ते खरंच. पण अतलसनं खाल्लं असतं तर फुगवटा दिसला असता. तिला काय तुझ्या मेव्हण्यासारखा लांब झगा आहे, दुसऱ्यांदा जेवायला बसताना पोट झाकायला?"

चहाखाना हसला. तुरसुनमुरादचा मेव्हणा कोपऱ्यात पुलाव खात होता, त्यानं झगा सावरला.

चिनाराखालच्या खाटेवर मीरकमोल बोबो बसले होते. वयानं गल्लीत सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे बोबो, म्हणजे आजोबा; तरुणपणी कुस्तीत एका बैलाला चीत केलं होतं म्हणतात. बैलाचे नातेवाईक ते मान्य करत नाहीत. बोबोंनी चहाचा पियाला खाली ठेवला.

"ओरडू नका. अंड्याचा तंटा आहे, अंड्यानंच सुटेल. नवरोजला मैदानात तुरसुनमुरादचं अंडं आणि रायहोनचं अंडं, टोकावर टोक आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. तुरसुनमुरादचं जिंकलं तर धामण पोत्यात घालून नदीपलीकडच्या डोंगरात सोडायची."

रायहोनच्या हातातली टोपली एकदम खाली आली. "आणि माझं जिंकलं तर?"

"तर तो तोंड मिटेल. आणि हरलेलं अंडं जिंकणाऱ्याचं, हा आपला कायदाच आहे. दर नवरोजला आपल्या कबुतराचं एक अंडं तो तुझ्या धामणीला स्वतःच्या हातानं आणून देईल."

"माझ्या कबुतराचं?" तुरसुनमुराद किंचाळला. मग हसला. त्याच्याकडे अंडं होतं. तीन वर्षं तो मैदानात कुणाकडून हरला नव्हता. "कबूल! खोला, पोतं शिवायला घ्या."

रायहोननं नान मोजले नाहीत, टोपली तशीच ठेवून निघून गेली. मी मागोमाग गेलो. ती तंदूरपाशी बसली होती, तळघराच्या फटीकडे बघत.

"अश्रफ अका, डोंगरात तिला विटा कोण तापवून देईल हो?"

मी म्हटलं, "ऊठ. अंडं शोधू."

लढाईचं अंडं शोधायचं म्हणजे डोळ्यांचं काम नव्हे, दातांचं. पुढच्या दातांवर अंडं हलकेच टकटक वाजवायचं आणि आवाज ऐकायचा. मऊ कवच 'ठप्' म्हणतं. चांगलं कवच पियाल्यासारखं वाजतं. माझे खालचे दोन दात अजून अस्सल आहेत, आणि या कामासाठीच मी ते राखलेत. त्या आठवड्यात मी गल्लीतली सगळी अंडी दातांवर वाजवली. शेवटी माझ्या जबड्यातून मैफलीसारखे सूर निघायला लागले आणि बायकोनं मला ओसरीत झोपवलं.

अंडं मिळालं ते रायहोनच्याच अंगणात. तिच्याकडे एक काळी कोंबडी होती, दाणे टाकून भिंतीचा चुना खायची. तीन भिंती तिनं चोच पोचेल त्या उंचीपर्यंत सोलून ठेवल्या होत्या. तिचं ताजं अंडं मी दातावर वाजवलं, तर असा नाद निघाला की दूर मशिदीपाशी एक म्हातारा नमाजाची वेळ झाली समजून वजूला उठला. चाचणी म्हणून ते हातातून गाढवाच्या पाठीवर पडू दिलं. अंड्याला काही झालं नाही. गाढव लंगडलं.

"हेच!" रायहोन म्हणाली.

अंडं जपायची आमच्या गल्लीची एक रीत आहे. अंड्याला चरबी चोळायची आणि कोमट कोंड्यात पुरायचं, म्हणजे कवच सुकून ठिसूळ होत नाही. बाकी गल्ल्या मेंढीची चरबी चोळतात. आमची गल्ली कोंबडीची चोळते, का तर अंड्याला आईची आठवण राहावी आणि आईच्या बळानं ते लढावं. रायहोननं भरपूर चोळली. अंडं आरशासारखं चमकायला लागलं आणि वासाला एखादी आख्खी कोंबडी बसलीय असं वाटायला लागलं. कोंड्याची टोपली तिनं ठेवली कुठे, तर तंदूरच्या ऊबदार कठड्यावर.

आता तुम्हाला कळलं असेल. आम्हाला तेव्हा कळलं नाही.

नवरोजची सकाळ. गल्लीतल्या बायका चौकात कढईभोवती, सुमनक ढवळायला. मोड आलेल्या गव्हाचा तो शिरा सतत ढवळत राहावा लागतो, नाहीतर तळाला लागतो, म्हणून पाळ्या. रायहोन आपली पाळी संपवून आली, मी नव्या टोपीत तिच्या अंगणात उभा. दोघं अंडं घ्यायला आत गेलो.

कोंड्यात एक सुरेख गोल खड्डा होता. अंडं नव्हतं.

आणि कठड्याला टेकवलेल्या मोठ्या लाकडी काठवटीत, कणीक मळून उरलेल्या पिठात, अतलस वेटोळं घालून पडली होती. पहिल्या उन्हानं तिला जाग आली होती. मानेपासून हातभर खाली तिच्या अंगात एक फुगवटा, माझ्या मुठीएवढा. आमच्या देखत तिनं एक मोठी जांभई दिली. मग दुसरी.

रायहोनचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं तंदूर पेटला. "जेवली! अहो अश्रफ अका, जेवली! हिवाळा सरला गं माझ्या बाईचा!" धावत जाऊन तिनं खुंटीवरचं लाल फडकं काढलं, दाराकडे निघाली. उंबऱ्यावर पाऊल टाकलं आणि तशीच थांबली.

"अश्रफ अका," ती मागे न वळता म्हणाली. "कुठलं अंडं?"

मी कोंड्याच्या टोपलीकडे बोट दाखवलं. ती मागे वळेपर्यंत माझं बोट खाली यायला तयार नव्हतं.

काठवटीत अतलसनं मान वाकवली. फुगवटा तळाच्या लाकडाशी दाबला. जोर लावला. आम्ही दोघांनी श्वास रोखला. आता टक् होणार आणि सगळं संपणार. अतलसचं अंग थरथरलं, काठवट करकरली, कठड्याची एक वीट सरकली.

टक् झालं नाही.

तिनं परत जोर लावला. परत काही नाही. अतलसनं जीभ बाहेर काढून आमच्याकडे बघितलं. डोळे मिटायची सोय सापाला नसते, नाहीतर तिनं नक्की मिटले असते.

"फुटत नाहीये," मी कुजबुजलो. "रायहोन, अंडं आत धडधाकट आहे! शेपटीला धरून एकदा हलव. पाणी मार गार. येईल बाहेर, पुसू आणि जाऊ."

रायहोन काठवटीच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली. हातात अजून ते फडकं.

"हात तर लावून बघा."

"अगं, पण तिच्याचसाठी! अंडं नाही तर ती डोंगरात जाईल!"

"हिवाळाभर उपाशी होती, अका. पहिलाच घास आहे. पोटातला घास ओढून काढू आणि मग तिला म्हणू, हे तुझ्याच भल्यासाठी? जायचं असेल तर जाईल. पण भरल्या पोटी जाईल."

बसलो उंबऱ्यावर. बाहेर मैदानाकडे लोक चालले होते, लांब कर्णे घेऊन वाजवणारे चालले होते. मी बसल्या बसल्या आपल्या मुठीकडे बघत होतो. अंडं लढवताना मुठीत असं धरतात की नुसतं टोक दिसावं. बाकी सगळं बोटांच्या आत, गच्च. मग मी काठवटीत बघितलं. अंडं आत. गच्च.

"रायहोन," मी म्हटलं, "आपलं अंडं हरवलेलं नाही. मूठ तेवढी बदललीय."

मग आयुष्यात पहिल्यांदा ती मला हसताना दिसली. तिलाही दोनच दात आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

अतलसला उचलायचं नव्हतं, म्हणून काठवटच उचलली. खाली तापलेल्या विटा गोधडीत गुंडाळून ठेवल्या, वर पातळ दुलई, आणि गल्लीतल्या चार जणांनी चार बाजूंनी धरलं. पुढे रायहोन, काठीला बांधलेलं लाल फडकं उंच धरून. ते बघताच आमची गल्ली चिडीचूप. लोक टाचा उचलून चालायला लागले. समोरून एक ट्रक आला, ड्रायव्हर आमच्याच गल्लीचा. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि ट्रक ढकलत ढकलत कडेला घेतला. कर्णेवाल्यांनी कर्ण्यांच्या तोंडात टोप्या कोंबल्या. चौकात सुमनक ढवळणाऱ्या बायकांनी कढईला हळू उकळायला सांगितलं, आणि खुदाची कसम, कढईनं ऐकलं.

वाटेत वारा आला, दुलई उडाली, आणि काठवटीतलं पीठ अतलसच्या अंगावर पसरलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरीशुभ्र. वरच्या गल्लीच्या दोन म्हाताऱ्या भिंतीपाशी उभ्या होत्या. एकीनं दुसरीचा हात धरला.

"पांढरा साप! वर्ष चांगलं जाणार गं."

"पोटात काय आहे त्याच्या?"

"नशीब असेल. तेवढंच मोठं असतं."

मैदानात तुरसुनमुराद नव्या निळ्या झग्यात उभा होता. हाताभोवती रुमाल, रुमालात त्याचं अंडं. ते त्यानं मोठ्या ऐटीत सगळ्यांना वाजवून दाखवलं. माझ्या खालच्या दोन दातांना ऐकूनच कळ आली. चांगलं अंडं होतं, खोटं कशाला बोलू.

"खोला, तुमचं कुठाय?"

रायहोननं काठवट मीरकमोल बोबोंपुढे ठेवायला लावली. "यात."

"यात साप आहे."

"सापात आहे."

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि सगळं मैदान हसायला लागलं. पण लाल फडकं समोर होतं म्हणून आवाज न करता. शेकडो माणसं तोंडावर हात धरून गदागदा हलतायत, असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. एकाची पगडी हसण्यानं उलगडून शेजारच्या कालव्यात गेली.

"हे चालणार नाही!" तुरसुनमुराद ओरडला. आमच्या गल्लीच्या चाळीस माणसांनी एकदम "शू!" केलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "बोबो, हे चालणार नाही. अंडं मुठीत हवं."

मीरकमोल बोबो काठवटीवर वाकले. "मूठ कशासाठी असते?"

"अंडं धरायला."

"तिनं धरलंय?"

"धरलंय, पण..."

"टोक दिसतंय?"

फुगवट्याचं वरचं टोक खरंच ताणलेल्या कातडीखाली उठून दिसत होतं. "दिसतंय," तुरसुनमुराद कुरकुरला.

"मग तुला भीती कसली?"

हे लागलं त्याला. तीन वर्षं न हरलेला पहिलवान, आणि मैदानासमोर विचारतात भीती कसली! "भीती? माझ्या एका टोल्यात तुमच्या धामणीचं आत ऑम्लेट होईल! तिलाच बरं, फोडायची मेहनत वाचेल."

रायहोननं ओठ आवळले. "हळू मार. बाळंतिणीच्या पोटासारखं आहे ते. कातडीला ओरखडा आला तर याद राख."

तुरसुनमुराद गुडघ्यांवर बसला. अंडं मुठीत धरलं, टोक खाली केलं. अतलस हलली नाही, जीभसुद्धा नाही. त्यानं नेम धरला आणि मारलं.

टक्.

सगळ्या मैदानाला ऐकू आलं. पण कुठलं? रायहोननं डोळे झाकून घेतले. तुरसुनमुरादनं मूठ वर केली, त्याचं अंडं टोकाला सगळं गुळगुळीत, अंगठा तेवढा कडेला. "माझं शाबूत! बघा! फुटलं तिचं!"

मीरकमोल बोबोंनी कान काठवटीशी नेला. मी वाकून फुगवटा बघितला. अतलसच्या आत अंडं फुटलं की फुगवटा लगेच बसतो, हे आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. फुगवटा बसला नव्हता. पिठातून टेकडीसारखा वर, तसाच.

"हिचा फुगवटा उभा आहे," बोबो म्हणाले. "तुरसुनमुराद, अंगठा काढ."

"कशाला?"

"काढ."

"अंगठा आखडलाय, बोबो. थंडीनं."

आता तुरसुनमुरादचं मत असं की कच्च्या अंड्याचं कवच उकडलेल्यापेक्षा कडक. त्याचं अंडं कच्चं होतं. तो अंगठा दाबून धरायला गेला, आणि अंगठ्याखालून एक पिवळा ओघळ निघाला. मनगटावरून नव्या निळ्या झग्याच्या अस्तनीत शिरला. तो हात खाली करेना, वर करेना. ओघळ कोपरापर्यंत पोचला आणि कोपरावरून टप्पकन त्याच्या बुटावर.

रायहोननं बोटांच्या फटीतून बघितलं. मग तिथेच जमिनीवर बसली, फडकं तोंडावर धरून. रडत होती का हसत होती, तिलाही माहीत नव्हतं.

मैदान मूकपणे नाचायला लागलं. टोप्या वर उडाल्या, पण आवाज नाही. कर्णेवाले टोप्या कोंबलेले कर्णे फुंकत होते, त्यांचे गाल फुगून नव्या अंड्यांसारखे झाले होते. आणि त्या सगळ्या शांततेत, काठवटीतून:

टक्.

अतलसनं मान वाकवली होती. तुरसुनमुरादच्या टोल्यानं कवचाला कुठेतरी केस गेला असणार, बाकीचं तिनं केलं. फुगवटा आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू बसला, भाजताना फुगलेला नान तंदूरबाहेर काढला की बसतो तसा.

"फुटलं!" तुरसुनमुराद पिवळा हात उंचावून म्हणाला. "बोबो, तिचंही फुटलं! बरोबरी!"

मीरकमोल बोबोंनी त्याच्याकडे असं बघितलं जसं त्या बैलाकडे बघितलं असेल. "अरे, लढाई झाल्यावर जिंकलेला काय करतो?"

"अंडं खातो."

"मग? खाऊ दे ना तिला."

रायहोन फडक्याआडून म्हणाली, "गोड लागो बाई."

तुरसुनमुराद शब्दाचा पक्का निघाला, एवढं मानलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी कबुतराचं एक अंडं रुमालात बांधून रायहोनच्या दारात हजर. पण लाल फडकं टांगलेलं. जेवणानंतर अतलस काही आठ-दहा दिवस बघणारसुद्धा नव्हती.

"ठेवून जा," रायहोन म्हणाली.

"ठेवून गेलो तर तुम्ही म्हणाल दिलं नाही. तिला भूक लागेपर्यंत बसतो." ठरल्याप्रमाणे स्वतःच्या हातानं द्यायचं होतं ना. रोज सकाळी येऊन तंदूरसमोर बसायचा. रायहोन त्याला चहा द्यायची, नान द्यायची, "जेवलास का?" विचारायची. तो अतलसकडे बघत राहायचा. अशा एका सकाळी अतलस समोर निवांत पडलेली असताना त्याच्या छपरावरून बायकोची हाक आली, "अहो, परत एक अंडं गेलं!" तुरसुनमुराद उठला, अतलसकडे बघितलं, छपराकडे बघितलं. छपरावरून एक कावळा चोचीत काहीतरी पांढरं घेऊन जर्दाळूत शिरला.

तुरसुनमुराद परत खाली बसला. नानचा तुकडा मोडत म्हणाला, "खोला, हे मैदानात कुणाला सांगायचं नाही."

रायहोननं सांगितलं नाही. मला तेवढं सांगितलं. मी फक्त तुम्हाला सांगतोय.

आता कधी माझ्या चहाखान्यात कुणी आवाज चढवला, आणि रायहोनच्या दारावर लाल फडकं असलं, की मला काही बोलावं लागत नाही. कबुतरांचा पहिलवान चहाचा पियाला खाली ठेवतो, दाराकडे बोट दाखवतो आणि दात-ओठ खाऊन कुजबुजतो, "शू! लाज नाही वाटत? ती जेवलीय!"